भिंतीचं भाडं आणि भिंतीवरचं चित्र : शरदातले युरोपीय कलामेळे कसे पाहावेत

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम तीन आठवड्यांत, लंडन, पॅरिस आणि तुरिन या शहरांत पाठोपाठ समकालीन कलेचे मोठे मेळे भरतात. लंडनचा फ्रीझ, पॅरिसचा आर्ट बाझल आणि तुरिनचा आर्तिस्सिमा. दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी याच सुमारास येते, त्यामुळे मुंबई-पुण्याहून युरोपला निघालेल्यांच्या वाटेत हे मेळे सहज येतात. पण तिकीट काढून आत शिरलेले बरेच जण तासाभरात गोंधळून बाहेर पडतात. कलाकृतीखाली धड माहिती नसते, किंमत लिहिलेली नसते, आणि शेजारशेजारच्या दोन भिंतींचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

गोंधळ होतो, कारण आपण संग्रहालय बघायच्या तयारीने जातो. कलामेळा हा चार-पाच दिवसांचा बाजार आहे. इथे भिंतीवर काय लागतं ते त्या भिंतीचं भाडं कोण भरतं आणि किती भरतं यावर ठरतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर काहीही विकत न घेता मेळ्याचा पुरेपूर आनंद घेता येतो.

भाड्याचं गणित

मेळ्यात चित्रकार स्वतः जागा घेत नाही, गॅलरी घेते. त्यासाठी तिला अर्ज करावा लागतो. इतर गॅलरीचालकांची एक निवड समिती वर्षभरातली प्रदर्शनं आणि मेळ्यासाठी मांडलेला प्रस्ताव बघून होकार किंवा नकार देते. होकार आला की जागेचं भाडं चौरस मीटरवर मोजलं जातं. शिवाय भिंती, दिवे, विमा, कलाकृतींची ने-आण, चार-पाच माणसांचा प्रवास आणि मेळ्याच्या आठवड्यात महागलेली हॉटेलं.

समजा, हा सगळा खर्च ४०,००० युरो झाला. चित्रकाराचं नवं काम विकलं की किंमत साधारण निम्मी-निम्मी वाटली जाते. म्हणजे नुसता खर्च भरून निघायला गॅलरीला ८०,००० युरोंची विक्री हवी, नफा त्यानंतर. म्हणूनच मुख्य दालनांत कॅनव्हासवरची चित्रं सर्वाधिक दिसतात. ती भिंतीवर चटकन लागतात, गुंडाळून किंवा खोक्यात घालून पाठवता येतात आणि दिवाणखान्यात मावतात. व्हिडिओ कमी दिसतो, कारण त्याला अंधारी खोली लागते आणि त्या खोलीचंही भाडं पडतं. खोलीभर पसरणारी मांडणशिल्पं तर आणखी कमी. ती नसतात म्हणजे कलाजगतात घडतच नाहीत, असं नाही. ती बघायला त्याच शहरातल्या संग्रहालयांत जायचं.

यावर उपाय म्हणून बहुतेक मेळे काही विभाग कमी भाड्याने देतात. तरुण गॅलऱ्या, एकाच कलाकाराचं काम, विसरली गेलेली जुनी माणसं अशा अटी त्यांना असतात. लंडनच्या फ्रीझमध्ये असा विभाग ‘फोकस’, पॅरिसमध्ये ‘इमर्जन्स’, तुरिनमध्ये ‘प्रेझेंट फ्यूचर’. नकाशा हातात आला की आधी या विभागांवर खूण करा. भाड्याचं ओझं हलकं असतं तिथे गॅलरी धाडस करते, आणि मेळ्यातली लक्षात राहणारी कामं पुष्कळदा याच छोट्या जागांत सापडतात.

आणखी एक भेद उपयोगी पडतो. कलाकाराकडून पहिल्यांदा विक्रीला आलेलं काम हा पहिला बाजार, आणि आधी कुणाच्या मालकीचं असलेलं काम पुन्हा विकायला येतं तो दुसरा. तारीख पाच वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी असेल आणि कलाकाराचं नाव फार मोठं असेल, तर बहुधा दुसरा बाजार. तिथे गॅलरीचा कलाकाराशी रोजचा संबंध असेलच असं नाही. कलाकाराविषयी मनापासून बोलणारं माणूस हवं असेल, तर पहिल्या बाजाराच्या दालनात थांबा.

हे सगळं शरदातच का

हा प्रकार फार जुना नाही. १९६७ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात १८ गॅलऱ्यांनी गुर्त्सेनिश या जुन्या सभागृहात एकत्र येऊन आधुनिक कलेचा बाजार भरवला. आजच्या कलामेळ्यांची सुरुवात तीच मानली जाते. आर्ट कोलोन या नावाने तो अजून नोव्हेंबरात भरतो. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने आपला मेळा सुरू केला, १९७४ मध्ये पॅरिसने ‘फियाक’, १९९४ मध्ये तुरिनने आर्तिस्सिमा आणि २००३ मध्ये लंडनने फ्रीझ.

युरोपात ऑगस्ट हा सुट्टीचा महिना. पॅरिस आणि इटलीतल्या कितीतरी गॅलऱ्या तेव्हा कुलूप लावून जातात. सप्टेंबरात शाळा, नाटकं, प्रकाशनं, प्रदर्शनं सगळं एकदम सुरू होतं. मोठी संग्रहालयं वर्षातली महत्त्वाची प्रदर्शनं सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात, मेळे त्यांच्या बरोबरीने तारखा ठरवतात, आणि संग्राहक एकाच फेरीत दोन-तीन शहरं उरकतात. सामान्य प्रेक्षकाला यात आयता फायदा आहे. बर्लिन आणि व्हिएन्नाचे मेळे सप्टेंबरातच होतात, छायाचित्रणावरचा पॅरिस फोटो नोव्हेंबरात. ज्याला जी सुट्टी मिळेल त्यात काही ना काही सापडतंच.

लंडन : तंबूत बाजार, बागेत शिल्पं

फ्रीझ रीजंट्स पार्कमध्ये उभारलेल्या प्रचंड तंबूत भरतो, बुधवार ते रविवार. पहिले दोन दिवस मुख्यतः निमंत्रितांचे असतात. २०२४ पासून तंबूची मांडणी बदलली आणि तरुण गॅलऱ्यांचा ‘फोकस’ विभाग प्रवेशद्वाराजवळ आला. पूर्वी दारातच दिग्गज गॅलऱ्या भेटत. हा बदल फार चांगला आहे, कारण डोळे ताजे असतात तेव्हा नवं काम समोर येतं.

त्याच बागेच्या दुसऱ्या टोकाला, चालत पंधरा-वीस मिनिटांवर, फ्रीझ मास्टर्स भरतो. २०१२ पासून. इथे प्राचीन वस्तूंपासून विसाव्या शतकापर्यंतची कला असते, उजेड मंद, गर्दी कमी. मराठी आणि कोकणी वाचकाला इथे ओळखीची नावं भेटण्याची शक्यता अधिक. गोव्यातल्या सालिगावात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला आले आणि इथेच नावारूपाला आले. मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांचं काम लंडनच्या बाजारात नियमित दिसतं. समकालीन तंबूतही मुंबईच्या झवेरी कंटेम्पररी आणि प्रोजेक्ट ८८ या गॅलऱ्यांनी वेगवेगळ्या वर्षी दालनं मांडली आहेत. अशा दालनात खुशाल मराठी-हिंदीत बोलायला सुरुवात करावी. माहिती मोकळेपणाने मिळते.

दोन्ही मेळ्यांची एकत्र तिकिटं महाग पडतात. ज्यांना तेवढा खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी बागेच्या इंग्लिश गार्डन्स भागात फ्रीझ स्कल्प्चर हे उघड्यावरचं शिल्पप्रदर्शन असतं. प्रवेश मोफत, सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पानगळीत पिवळी पडलेली झाडं आणि त्यांच्यामध्ये ही शिल्पं, असा योग वर्षात एकदाच येतो. ऑक्टोबरच्या मध्याला लंडनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून शिल्पं सकाळी किंवा दुपारी, आणि तंबू पाऊस लागला की. तंबूत उजेड विजेचाच असतो, त्याला वेळेचं बंधन नाही. टेट मॉडर्न या संग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमधलं दरवर्षीचं भव्य मांडणशिल्पही याच आठवड्याच्या आसपास खुलं होतं, तेही मोफत. मेळ्याच्या भिंतींना न परवडणारं काम कसं दिसतं ते तिथे कळतं.

पॅरिस : काचेच्या छताखाली

पॅरिसचा मेळा लंडननंतरच्या आठवड्यात ग्राँ पालेमध्ये भरतो. ही वास्तू १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधली. २०२२ मध्ये जुन्या ‘फियाक’ची जागा आणि तारखा बाझलच्या कंपनीला मिळाल्या. नूतनीकरण चालू असल्याने पहिली दोन वर्षं मेळा आयफेल टॉवरजवळच्या तात्पुरत्या इमारतीत झाला. २०२४ मध्ये, ऑलिंपिकमधली तलवारबाजी आटोपल्यावर, तो या काचेच्या छताखाली आला.

छत काचेचं असल्यामुळे इथला उजेड दिवसभर बदलतो. रंग खरे दिसायला हवे असतील तर दुपारी चारच्या आत बघून घ्या. तळमजल्यावर बड्या गॅलऱ्या, वरच्या सज्जांत ‘इमर्जन्स’ विभाग. बहुतेक लोक खालीच दमतात आणि वर पोचत नाहीत. उलट करा : आत शिरताच जिना चढा, वरून सगळ्या मांडणीचा आवाका बघा, तरुण कलाकारांची दालनं शांतपणे पाहा, मग खाली उतरा.

त्या आठवड्यात शहरभर मोफत कार्यक्रम असतात. प्लास वांदोमसारख्या चौकांत शिल्पं उभी राहतात आणि मारे भागातल्या गॅलऱ्या आपलं सर्वांत चांगलं प्रदर्शन याच दिवसांसाठी राखून ठेवतात. गॅलरीत जायला तिकीट लागत नाही. दार बंद दिसलं तरी घंटी वाजवावी. खरेदी करणार का, असं कुणी विचारत नाही. पॉम्पिदू सेंटर हे आधुनिक कलेचं संग्रहालय मात्र नूतनीकरणासाठी २०२५ पासून बंद आहे. जुन्या प्रवासपुस्तकांवर विसंबून तिथे जाऊन परतणारे अनेक आहेत. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये मुंबईहून या शहरात आले आणि पुढची साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले. पॅरिसच्या बाजारात रझांचं चित्र दिसलं तर ते पाहुण्याचं नाही, घरच्याचं आहे.

तुरिन : पहिला मेळा बघायचा तर हा

तिघांतून एकच निवडायचा असेल तर तुरिन निवडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. फ्रीझ आणि आर्ट बाझल व्यावसायिक कंपन्या चालवतात. आर्तिस्सिमा सार्वजनिक मालकीचा आहे आणि तुरिनच्या संग्रहालयांच्या प्रतिष्ठानामार्फत चालतो. मेळ्याच्या स्वभावात हा फरक जाणवतो. तिकीट लंडन-पॅरिसपेक्षा बरंच स्वस्त, तरुण गॅलऱ्यांना मोठी जागा, आणि निवडलेले तीन विभाग खरोखर विचार करून रचलेले : नव्यांसाठी ‘प्रेझेंट फ्यूचर’, दुर्लक्षित राहिलेल्या ज्येष्ठांसाठी ‘बॅक टू द फ्यूचर’ आणि फक्त रेखाटनांसाठी ‘दिझेन्यी’. कागदावरच्या कामाची आवड असलेल्याने शेवटच्या विभागासाठी वेगळा दीड तास ठेवावा. कलाकाराचा हात सर्वांत जवळून दिसतो तो कागदावर.

मेळा ओव्हाल या इमारतीत भरतो. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इथे बर्फावरच्या वेगवान स्केटिंगच्या शर्यती झाल्या. खांब नसलेलं उंच, मोकळं दालन, त्यामुळे कोंडल्यासारखं होत नाही. शेजारीच लिंगोत्तो हा फियाटचा जुना कारखाना. त्याच्या छतावर मोटारींच्या चाचणीचा रस्ता आहे आणि त्यावर आता बाग आणि कलाकृती आहेत. मेट्रोने लिंगोत्तो स्थानकावर उतरलं की दोन्ही चालत होतात.

तुरिनची संध्याकाळ मेळ्याइतकीच महत्त्वाची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वापाचच्या सुमारास अंधार पडतो आणि शहरातल्या रस्त्यांवर ‘लुची दार्तिस्ता’ हे दिव्यांचं प्रदर्शन उजळतं. १९९८ पासून दर हिवाळ्यात कलाकारांनी घडवलेली ही रोषणाई चौकाचौकांत टांगली जाते. मारिओ मेर्झ यांनी मोले अंतोनेल्याना या १६७ मीटर उंच वास्तूच्या घुमटावर लाल निऑनमध्ये फिबोनाची मालिकेतले आकडे चढवले आहेत : १, १, २, ३, ५, ८, पुढचा आकडा मागच्या दोहोंची बेरीज. मेर्झ ज्या चळवळीतले, ती ‘आर्ते पोव्हेरा’, म्हणजे माती, चिंध्या, दगड, भाजीपाला अशा साध्या वस्तूंतून केलेली कला. १९६० च्या दशकात ती मुख्यतः याच शहरात रुजली. तिचा उत्तम संग्रह शहराबाहेरच्या कास्तेल्लो दी रिव्होली या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. मेट्रोने फेर्मी या टोकाच्या स्थानकापर्यंत जायचं, पुढे बस आणि थोडा चढ. अर्धा दिवस धरा आणि संग्रहालय कोणत्या वारी उघडं असतं ते आधी तपासा.

पाऊस पडणारच, पण तुरिनमध्ये तो अडवत नाही. शहराच्या मध्यभागात सुमारे १८ किलोमीटर लांबीचे कमानदार छत असलेले पदपथ आहेत, छत्रीशिवाय फिरता येतं. शनिवारी रात्री गॅलऱ्या आणि संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी असतात, त्यामुळे शनिवारी दुपारी ओव्हाल आणि रात्री शहर असा बेत उत्तम जमतो. कोपऱ्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, त्याने वेळ निभावते. १ नोव्हेंबरला इटलीत सार्वजनिक सुट्टी असते. दुकानं आणि काही बस बंद, मेळ्यात गर्दी.

बघायचं कसं

२०२५ च्या पॅरिस मेळ्यात २०६ गॅलऱ्या होत्या. प्रत्येकीला दोन मिनिटं दिली तरी सात तास होतात, आणि दोन मिनिटांत काहीच दिसत नाही. एका रात्रीत पुण्यातले सगळे गणपती बघायला निघालेल्या माणसाची जी गत होते, तीच इथे होते. निवड करावीच लागते.

पहिला पाऊण तास कुठेही न थांबता सगळ्या गल्ल्यांतून चाला. पाय आपोआप जिथे मंदावतात, त्या दालनाचा क्रमांक नकाशावर लिहा. मग वीस मिनिटं बसा, पाणी प्या, खा. आतलं खाणं महाग आणि रांग लांब, पोट भरून आलेलं बरं. त्यानंतर नोंदलेल्यांपैकी बारा ते पंधरा दालनांत परत जा आणि प्रत्येकाला पाच-सात मिनिटं द्या. एवढ्यात तीन तास होतात आणि नजर थकते. चौथ्या तासाला पाहिलेलं काही लक्षात राहत नाही, म्हणून निघा.

मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत. कोट ठेवायच्या खिडकीवर संध्याकाळी बंद होण्याच्या वेळी मोठी रांग लागते, अर्धा तास आधी निघालं की ती टळते. तंबू आणि काचघर दोन्ही आतून गरम होतात, जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे. फोटो बहुधा चालतात, फ्लॅश चालत नाही. शिल्पाचा फोटो घेताना मागे सरकताना आपल्या मागेही शिल्प असू शकतं, याचं भान ठेवा.

गर्दी सर्वांत कमी असते ती सर्वांसाठी खुल्या पहिल्या दिवशी, दार उघडल्याच्या तासात. पण बाजार विकला जाईल तशा भिंती बदलतात. विकलेलं चित्र खाली उतरतं आणि मागच्या कोठीतून दुसरं येतं, म्हणून शुक्रवारी फोटोत पाहिलेलं काम रविवारी तिथे नसेल. रविवारी दुपारनंतर विक्रीची घाई ओसरलेली असते आणि गॅलरीतली माणसं निवांत बोलतात.

बोलायला कचरू नका. “या कलाकाराविषयी थोडं सांगाल का?” एवढा प्रश्न पुरतो. किंमत विचारणंही अशिष्ट नाही. किंमतयादी टेबलावर किंवा फोनमध्ये असते, विचारल्यावर दाखवतात. ‘रिझर्व्ह’ म्हटलं तर कुणीतरी काही तास मागून घेतलेलं आहे, विकलेलं नाही. लाल ठिपका म्हणजे विकलेलं, पण बऱ्याच गॅलऱ्या आता ठिपका लावतच नाहीत.

विकत घ्यायचं झालं तर

लाखो युरोंच्या बातम्यांमुळे भीती वाटते, पण मर्यादित प्रतींची मुद्राचित्रं आणि छायाचित्रं काही शे युरोंपासून मिळतात. लंडनच्या तंबूत अलाइड एडिशन्स या दालनात ना-नफा कलासंस्था अशा प्रती विकतात, पैसा त्या संस्थांच्या कामाला जातो. ‘३/२५’ म्हणजे पंचवीस प्रतींपैकी तिसरी. त्याखेरीज कलाकाराच्या स्वतःच्या दोन-तीन प्रती वेगळ्या असतात. एकूण किती, ते विचारून घ्या. सही, क्रमांक, अस्सलपणाचं प्रमाणपत्र आणि कलाकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप लिहिलेलं बिल, हे सगळं हातात आल्याखेरीज पैसे देऊ नका.

सांगितलेल्या किमतीत कर धरलेला आहे का, हे आधी विचारा. २०२५ पासून फ्रान्समध्ये कलाकृतीच्या पूर्ण किमतीवर ५.५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. इटलीने त्याच वर्षी तो २२ वरून ५ टक्क्यांवर आणला. ब्रिटनमध्ये नेहमीचा दर २० टक्के आहे, आणि पर्यटकाला सामानातून नेलेल्या वस्तूवर कर परत मिळण्याची सोय तिथे २०२१ पासून बंद झाली. गॅलरीने थेट भारतात पाठवलं तर मात्र तो कर लागत नाही. फ्रान्स-इटलीत परताव्याचा अर्ज खरेदीच्या वेळीच भरून घ्या आणि युरोपीय संघाबाहेर पडताना विमानतळावर त्यावर नोंद करवून घ्या. चेक-इनच्या आधी, कारण चित्र दाखवायला सांगू शकतात.

कागदावरचं काम काच काढून, आम्लरहित कागदात गुंडाळून कडक नळीत घालावं. नळी किमान दहा सेंटिमीटर व्यासाची हवी, अरुंद नळीत कागदाला कायमचा बाक येतो. जाड रंगाचं चित्र गुंडाळू नका, तडे जातात. मुंबईत उतरल्यावर सीमाशुल्काच्या रेड चॅनेलवर बिल दाखवून जाहीर करा.

व्हिसा आणि क्रम

लंडनचा व्हिसा वेगळा, पॅरिस-तुरिनचा शेंगेन वेगळा. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल आणि मध्येच लंडनला गेलात, तर परत आत येता येत नाही. मेळ्यांचा क्रम सोयीचा आहे : आधी लंडन, मग पॅरिस, मग तुरिन. जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज करायचा, रात्री समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ऑक्टोबरसाठी मे-जूनमध्येच भेटीची वेळ घ्या, गणपतीपर्यंत थांबलात तर वेळ मिळणं कठीण.

लंडन ते पॅरिस रेल्वेने सव्वादोन तासांहून थोडं अधिक लागतं, पण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातच होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवणं टप्प्याटप्प्याने सुरू झालं आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाताना वेळ हाताशी ठेवा. पॅरिस ते तुरिन आल्प्समधून जाणारी गाडी २०२३ च्या दरडीमुळे दीड वर्षाहून अधिक काळ बंद होती, २०२५ च्या वसंतात पुन्हा सुरू झाली. साडेपाच-सहा तासांचा तो प्रवास दिवसाउजेडी करावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. ती रात्र काही वर्षी पॅरिस मेळ्याच्या शेवटच्या दिवसांत येते. त्या रविवारची गाडी किंवा ठरलेल्या वेळेचं तिकीट असेल, तर भिंतीवरच्या घड्याळाऐवजी फोनमधली वेळ धरा.